दिवा आणि रोषणाई : नगरोद्यानाच्या रात्रीच्या छायाचित्रांविषयी काही विचार

१

ज्या कलेला पाश्चात्त्यांनी ‘प्रकाशलेखन’ असे नाव दिले, तिला मराठीने ‘छायाचित्रण’ म्हटले. जॉन हर्शेल याने १८३९ मध्ये प्रचारात आणलेला ‘फोटोग्राफी’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘प्रकाश’ आणि ‘लेखन’ या अर्थांच्या दोन पदांपासून घडविला आहे. आपल्या शब्दात मात्र प्रकाशाच्या जागी छाया आली. ‘प्रकाशचित्र’ हा पर्याय मराठीला अपरिचित नाही. तथापि रूढी ‘छायाचित्रा’च्याच बाजूने गेली. दिवसाच्या चित्रापुरता पाहिल्यास हा शब्द काहीसा विपरीत वाटतो. दिवसा प्रकाश सर्वत्र असतो, आणि जे सर्वत्र असते त्याची पृथक् दखल कोणी घेत नाही. रात्रीच्या चित्रात नेमकी उलट स्थिती असते. तेथे अंधार हे मूळ द्रव्य होय. प्रकाश हा त्यात घातलेला अपवाद. ‘छायाचित्र’ हा शब्द पूर्णार्थाने लागू पडतो तो रात्रीच्या चित्रालाच.

शहरातील एखादे उद्यान आणि त्याच्या कडेने उभ्या असलेल्या, दिवे लागलेल्या इमारती हा रात्रीच्या छायाचित्रणातील अत्यंत लोकप्रिय विषय आहे. दिनदर्शिका, प्रवासपुस्तिका आणि प्रदर्शने यांतून तो सतत भेटतो. परंतु या चित्रांची समीक्षा बहुधा ‘नयनरम्य’ या एका विशेषणाशी येऊन थांबते. याचे कारण असे की, या चित्रांतील प्रकाशाला आपण एकजिनसी समजतो. वस्तुतः तो तसा नसतो, आणि मराठी भाषा तो तसा मानीतही नाही. आपण म्हणतो, ‘खिडकीत दिवा लागला’. आणि आपण म्हणतो, ‘इमारतीवर रोषणाई केली’. पहिले क्रियापद अकर्मक आहे. भूक लागावी, डोळा लागावा, तसा दिवा लागतो. तो कोणी लावला हे सांगण्याची वाक्याला गरज वाटत नाही, कारण तो राहण्याचा, काम करण्याचा सहज परिणाम असतो. फारसीतून आलेली ‘रोषणाई’ मात्र करावी लागते. तिला कर्ता लागतो आणि, व्याकरणात दिसत नसला तरी, प्रेक्षकही लागतो. दिवा आतल्या माणसासाठी असतो. रोषणाई बाहेरच्या माणसासाठी असते.

नगरोद्यानाच्या रात्रीच्या चित्राचे मूल्यमापन करताना ते या दोहोंपैकी कोणत्या प्रकाशावर उभे आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर हे एकच स्थळ मुख्यत्वेकरून निवडले आहे. कारण या कलेच्या इतिहासातील काही महत्त्वाची चित्रे याच सुमारे सहा एकरांच्या उद्यानाच्या परिसरात घडली.

२

मॅडिसन स्क्वेअर हे सार्वजनिक उद्यान १८४७ मध्ये खुले झाले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा मशालधारी हात १८७६ ते १८८२ या काळात याच उद्यानात मांडून ठेवला होता. १८८० च्या डिसेंबरात ब्रॉडवेच्या चौदाव्या ते सव्विसाव्या रस्त्यांमधील भागात कार्बनच्या कांड्यांचे विजेचे दिवे लागले, आणि उद्यानाची पश्चिम कड न्यूयॉर्कमध्ये विजेने उजळलेल्या पहिल्या सार्वजनिक जागांपैकी एक ठरली. १९०२ मध्ये उद्यानाच्या नैर्ऋत्येस, ब्रॉडवे आणि पाचवा ॲव्हेन्यू यांच्या बेचक्यात, डॅनिएल बर्नहॅम याने योजिलेली त्रिकोणी ‘फ्लॅटआयर्न’ इमारत उभी राहिली. १९०९ मध्ये पूर्वेच्या बाजूस मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचा ७०० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. पुढे चार वर्षे तो जगातील सर्वांत उंच इमारत होता. म्हणजे चित्रकाराला हवी असलेली सामग्री येथे एकत्र आली : मध्यभागी झाडांचा सखल अंधार, भोवती दिव्यांच्या रांगा आणि त्यांवर उभ्या उंच भिंती.

परंतु सामग्री असणे आणि ती काचेवर उतरणे यांत पुष्कळ अंतर होते. प्रकाश निम्मा झाला तर उद्भासनाचा, म्हणजे काच प्रकाशास उघडी ठेवण्याचा, काळ दुप्पट करावा, हा बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये मांडलेला नियम मंद प्रकाशात टिकत नाही, हे कार्ल श्वार्त्सशिल्ड याने १८९९ च्या सुमारास ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून दाखविले. प्रकाश जितका क्षीण, तितका त्याचा परिणाम अपेक्षेहून कमी होतो. याचा कलेच्या दृष्टीने अर्थ असा की, रात्रीच्या चित्रात दिवे उतरतात, पण झाडाखालचा अंधार प्रत्यक्षाहून अधिक गडद होतो. दुसऱ्या बाजूस, प्रखर दिव्याचा प्रकाश काचेच्या पाठीवरून परावर्तित होऊन दिव्याभोवती धूसर वलय निर्माण करतो. एकीकडे अतिरिक्त काळोख आणि दुसरीकडे अतिरिक्त तेज, या दोन संकटांतून वाट काढण्यासाठी छायाचित्रकार पाऊस, बर्फ आणि धुके यांचा आश्रय घेऊ लागले. ओली फरसबंदी दिव्याचा प्रकाश पुन्हा वर फेकते. धुके त्याला विरघळवून टाकते. आल्फ्रेड स्टीग्लित्स याने १८९७ च्या सुमारास ओल्या रस्त्यातील प्रतिबिंबांचे आणि १८९८ मध्ये बर्फाळ रात्रीचे चित्र घेतले ते याच न्यायाने. पुढे ब्रासाई याने पॅरिसमध्ये धुक्याचा असाच उपयोग केला, आणि दिवा झाडाच्या खोडामागे दडवून केवळ त्याचा परिणाम चित्रात ठेवण्याची युक्ती रूढ केली. पाऊस आणि धुके यांची हौस प्रथम भावुकतेची नव्हती. ती द्रव्याची गरज होती. भावुकता नंतर आली.

दीर्घ उद्भासनाचा आणखी एक परिणाम समीक्षेने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. काही सेकंद किंवा मिनिटे उघड्या राहिलेल्या काचेवर चालणारा मनुष्य उमटतच नाही. उद्यानातून घाईने घरी जाणारे लोक पुसले जातात. ज्याला थांबणे भाग आहे, तो तेवढा उरतो. गिऱ्हाइकाची वाट पाहणारा गाडीवान, बाकावर बसून राहिलेला बेघर मनुष्य, गस्तीवरला शिपाई हे अशा चित्राचे स्वाभाविक नागरिक होत. म्हणून ‘निर्जन उद्यान’ म्हणून ज्याची प्रशंसा होते ते चित्र पुष्कळदा निर्जन नसते. जाण्यासारखे ठिकाण ज्यांना होते, एवढेच लोक त्यातून निघून गेलेले असतात.

याच्या उलट टोकाला जेकब रीस याचे कार्य आहे. १८८७ मध्ये मॅग्नेशियमच्या भुकटीचा फ्लॅश उपलब्ध होताच त्याने न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांतील रात्री उजेडात आणल्या. १८९० च्या त्याच्या पुस्तकाने आणि प्रचाराने मल्बेरी बेंड ही वस्ती पाडली जाऊन तेथे १८९७ मध्ये उद्यान झाले. या प्रकाशाचा उपयोग निःसंशय झाला. परंतु तो ना दिवा, ना रोषणाई. तो छायाचित्रकाराने आपल्याबरोबर आणलेला आणि समोरच्यावर टाकलेला प्रकाश आहे, आणि दचकलेले डोळे त्याची साक्ष देतात. उद्यानाच्या रात्रीचे चित्र घेणाऱ्याने हा तिसरा प्रकाश नाकारला, यात संयम होता तसा त्यागही होता. आहे त्या प्रकाशात जे दिसेल तेवढेच तो दाखवू शकत होता.

३

स्टीग्लित्सचे ‘फ्लॅटआयर्न’ हे प्रसिद्ध चित्र १९०३ च्या ऑक्टोबरात ‘कॅमेरा वर्क’च्या चौथ्या अंकात आले. ते दिवसाचे आहे. बर्फाने झाकलेल्या उद्यानातून, दुबेळक्याच्या झाडाआडून इमारत दिसते. येथे उद्यान आणि इमारत यांचे नाते साम्याचे आहे. खोडाचे दुभंगणे आणि इमारतीचे निमुळतेपण हे एकमेकांचे प्रतिध्वनी होत.

एडवर्ड स्टायकेन याने १९०४ मध्ये तोच विषय दिवेलागणीच्या वेळी घेतला. फांदी याही चित्रात आहे. पण ती आता इमारतीशी साम्य सांगत नाही, तिला छेदून जाते. खाली ओल्या रस्त्याच्या कडेला घोडागाड्या आणि उंच टोप्या घातलेल्या गाडीवानांच्या छायाकृती आहेत. मधूनमधून रस्त्यावरचे दिवे टिपक्यांसारखे लागले आहेत. जपानी काष्ठमुद्रिते आणि व्हिसलरची रात्रिचित्रे यांचे ऋण या चित्रावर असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे, आणि ते डोळ्यांना सहज पटते. चित्राची प्रतिष्ठा आजही अबाधित आहे. २०२२ मध्ये त्याच्या एका प्रतीला लिलावात १ कोटी १८ लाख ४० हजार डॉलर मिळाले.

या चित्राचे यश कोणते आणि मर्यादा कोणती? यश हे की, मराठीत ज्याला कातरवेळ म्हणतात तिचे इतके नेमके चित्र क्वचितच आढळेल. आकाशातील उजेड पुरता गेलेला नाही आणि दिव्यांचा उजेड पुरता प्रस्थापित झालेला नाही. दोन राज्यांमधील ही संधी स्टायकेनने पकडली आहे. मर्यादा ही की, ही वेळ काचेवरून जितकी आली तितकीच छपाईतून आली आहे. प्लॅटिनमच्या प्रतीवर डिंक, पोटॅशियम बायक्रोमेट आणि रंगद्रव्य यांचे थर देऊन त्याने चित्राला रंग दिला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याच्या तीन प्रती आहेत आणि तिन्हींची रंगच्छटा भिन्न आहे. १९०९ ची प्रत निळसर-हिरवी आहे. एकाच व्यस्त प्रतीतून तीन वेगवेगळ्या सायंकाळी निघाल्या. त्या तिन्ही सुंदर असू शकतात. पण अमुक सायंकाळी मॅडिसन स्क्वेअरच्या कडेला किती उजेड होता, याविषयी त्या तिघी एकच साक्ष देत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट इमारतीच्या खिडक्यांविषयीची आहे. वीसएक मजल्यांच्या, नव्या कचेऱ्यांच्या या इमारतीच्या खिडक्या चित्रात जवळजवळ मुक्या आहेत. स्टायकेनला इमारतीचा आकार हवा होता, तिच्यातील वस्ती नको होती. वस्ती आहे ती खाली, गाडीवानांच्या रूपाने. या चित्राचे मानवी सत्य मनोऱ्यात नसून त्या थांबलेल्या माणसांत आहे, आणि चित्राची स्तुती करणाऱ्यांनी त्यांचा निर्देश बहुधा रचनेतील काळे ठिपके म्हणून करावा, हे उचित नव्हे.

४

खिडकीला बोलते करण्याचे कार्य बेरेनिस ॲबट हिने केले. ‘नाइटव्ह्यू’ या तिच्या चित्राची तारीख सामान्यतः १९३२ ही दिली जाते. मॅडिसन स्क्वेअरपासून जवळच, चौतिसाव्या रस्त्यावर, १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या एम्पायर स्टेट इमारतीच्या वरच्या मजल्यावरून ते घेतलेले आहे. त्यामागील हिशेब पाहण्यासारखा आहे. उद्भासनाला सुमारे पंधरा मिनिटे हवी होती. तेवढा वेळ बाहेर पूर्ण अंधार पाहिजे आणि आत कचेऱ्यांचे दिवेही लागलेले पाहिजेत. पण पाच वाजता नोकरदार दिवे मालवून निघून जातात. पाचच्या आत काळोख पडतो तो केवळ डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास. म्हणून वर्षातील थोडेच दिवस आणि त्या दिवसांतील थोडीच मिनिटे हे चित्र शक्य होते. त्याची वेळ सूर्याने आणि कचेरीच्या घड्याळाने मिळून ठरविली आहे.

येथे दिवा हा शोभेचा राहिला नाही. तो चिन्ह झाला. चार्ल्स सँडर्स पर्स याच्या परिभाषेत हे निर्देशक चिन्ह होय, कारण त्याचा अर्थाशी कार्यकारणसंबंध आहे. आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर धुरावरून जसे अग्नीचे, तसे उजळलेल्या खिडकीवरून आतल्या माणसाचे अनुमान होते. ॲबटच्या चित्रातील हजारो खिडक्या म्हणजे अजून घरी न गेलेल्या माणसांची मोजदाद आहे. हे अनुमान प्रत्येक काळी निर्दोष असेल असे नाही. आजच्या कचेऱ्यांत मनुष्य नसतानाही दिवे जळत राहतात, तेव्हा हेतू सव्यभिचार होतो. म्हणूनच चित्राची तारीख आणि वेळ ही समीक्षकाला गौण बाब मानता येत नाही.

परंतु ॲबटच्या चित्रातून एक गोष्ट निसटली आहे. उंचीवरून पाहिल्यामुळे तेथे खिडक्यांचा समुद्र आहे, पण किनारा नाही. उद्यानाचे महत्त्व येथे कळते. भाषेत ध्वनीला मूल्य येते ते इतर ध्वनींशी असलेल्या विरोधामुळे, हा सोस्यूरपासून चालत आलेला सिद्धान्त येथेही लागू पडतो. उजळलेली खिडकी अर्थपूर्ण होते ती शेजारच्या न उजळलेल्या खिडकीमुळे. आणि उजळलेल्या खिडक्यांची रांग अर्थपूर्ण होते ती तिच्यासमोर पसरलेल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या अंधारामुळे. उद्यान हा तो अंधार होय. शिवाय ते पाहणाऱ्याला उभे राहण्याची जागा देते. उद्यानातून इमारतीकडे पाहणारा मनुष्य बाहेरचा असतो. दिव्याच्या आतल्या आयुष्याशी त्याचे नाते दुरून पाहण्याचे असते. हे अंतर चित्रात उरले, तर त्याला गांभीर्य येते.

५

आता रोषणाईकडे वळू. एम्पायर स्टेट इमारतीच्या वरच्या तीस मजल्यांवर १९६४ मध्ये, जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, बाहेरून प्रकाशझोत टाकण्यात आले. १९७६ मध्ये राष्ट्राच्या द्विशताब्दीनिमित्त ते तांबडे, पांढरे आणि निळे झाले. २०१२ मध्ये संगणकाने बदलता येणारे नवे दिवे आले. मॅडिसन स्क्वेअरमधून उत्तरेकडे पाहणाऱ्या छायाचित्रकाराला तेव्हापासून एक आयते चित्र मिळाले. अशा चित्रात इमारत काय सांगते? ती आत कोण आहे हे सांगत नाही. आज कोणता सण, कोणता विजय, कोणता स्मृतिदिन आहे हे सांगते. पर्सच्याच परिभाषेत, निर्देशकाच्या जागी येथे प्रतीक आले. चिन्हाचा अर्थ आता संकेताने ठरतो. संकेत ठाऊक नसेल तर रंग हा केवळ रंग राहतो.

रोषणाईला हीन लेखण्याचा येथे हेतू नाही. आपल्या दिवाळीचा, जत्रांचा आणि गणेशोत्सवाचा आनंद पुष्कळसा रोषणाईचाच आहे, आणि सार्वजनिक आनंदाचे चित्र हेही एक कागदपत्र आहे. कोणी असाही आक्षेप घेईल की, दुकानाच्या काचेतील दिवा आतला असूनही बाहेरच्यासाठीच असतो, मग ही विभागणी टिकते कोठे? आक्षेप रास्त आहे. सीमारेषेवरील उदाहरणे प्रत्येक वर्गीकरणात असतात. परंतु त्यामुळे वर्ग नष्ट होत नाहीत. रोषणाईचे चित्र बहुधा दुसऱ्याने केलेल्या रचनेची नक्कल असते. प्रकाश कोठे पडावा, कोणता कोन भव्य दिसावा हे छायाचित्रकाराच्या आधी दुसऱ्याने ठरविलेले असते. समीक्षकाने श्रेय देताना एवढे ध्यानात ठेवणे पुरे.

फ्लॅटआयर्नचा अलीकडील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये तेथील कचेऱ्या सोडल्या आणि इमारत रिकामी झाली. २०२३ मध्ये तिचा दोनदा लिलाव झाला आणि तिचे निवासस्थानांत रूपांतर करण्याचे ठरले. या रिकाम्या वर्षांत उद्यानातून घेतलेल्या रात्रीच्या चित्रात अंधाऱ्या खिडक्या हा रचनेतील दोष ठरत नाही. ती वार्ता आहे. एका शतकाहून अधिक काळ चाललेले काम तेथे थांबले होते. ज्या चित्रात त्या खिडक्या काळ्या राहिल्या ते चित्र खरे बोलले. ज्यात त्या सजावटीसाठी कृत्रिम रीतीने उजळल्या गेल्या, त्याने स्टायकेनपेक्षा अधिक रंग लावला आणि त्याच्यापेक्षा कमी सांगितले.

६

शेवटचा मुद्दा आजच्या साधनांविषयीचा आहे. २०१८ च्या सुमारापासून खिशातील दूरध्वनीने तिवईशिवाय रात्रीचे चित्र घेता येऊ लागले. हे यंत्र एकामागून एक अनेक अल्पकालीन चित्रे घेते, ती एकमेकांवर जुळवून बसविते, त्यांतील हललेले भाग गाळते आणि काळोखातील तपशील वर आणते. परिणामी झाडाचे पान, बाकाची फळी, खिडकीची चौकट आणि आकाश ही सारी सारख्याच स्पष्टतेने दिसतात. लोकांना हे चित्र आवडते आणि ते का आवडावे हे समजण्यासारखे आहे.

संस्कृत नाटकांच्या अभ्यासकांना ‘छाया’ या शब्दाचा आणखी एक अर्थ परिचित आहे. प्राकृत बोलणाऱ्या पात्रांच्या भाषणाखाली संस्कृत रूपांतर दिलेले असते, त्याला छाया म्हणतात. छाया उपयुक्त असते; पण छायाच वाचण्याची सवय लागली की दासी, विदूषक आणि कोळी हे सारे राजाच्याच भाषेत बोलू लागतात, आणि त्यांच्या बोलीतील भेद, म्हणजेच त्यांची सामाजिक ओळख, दृष्टिआड होते. नव्या यंत्राने घेतलेले उद्यानाचे चित्र ही रात्रीच्या प्राकृताची दिवसाच्या संस्कृतातील छाया आहे. दिव्याखालचा बाक आणि दिव्यापासून दूरचा बाक यांतील भेद तेथे उरत नाही. ज्याने मुद्दाम अंधारातला बाक निवडला असेल त्यालाही उजेडात बसविले जाते, आणि तेही त्याला न विचारता. रीसच्या फ्लॅशने निदान डोळे दिपत असत, त्यामुळे ज्याच्यावर प्रकाश पडला त्याला ते कळत असे.

यावरून रात्रीच्या चित्राने अंधाराचा हव्यास धरावा असा निष्कर्ष काढणे चूक होईल. काळ्या डागांच्या आड अकौशल्य लपविणारी चित्रे पुष्कळ आहेत. मागणी एवढीच आहे की, चित्रातील प्रकाशाची विषमता ही त्या स्थळाच्या जीवनातील विषमतेशी सुसंगत असावी. त्यासाठी समीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत : प्रकाश कोठून येतो, आतून, बाहेरून की छायाचित्रकाराच्या हातून? चित्र घेण्याची वेळ कोणी ठरविली? आणि पुसले गेलेले कोण, उरलेले कोण?

आपल्या विद्यार्थ्यांना या प्रश्नांची परीक्षा घेण्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याची आवश्यकता नाही. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत समाविष्ट झालेल्या मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोऱ्यासह विद्यापीठाच्या गॉथिक वास्तू आहेत, तर पश्चिमेस ‘आर्ट डेको’ शैलीतील राहत्या घरांची रांग आहे. एका बाजूस प्रसंगोपात्त रोषणाई होते. दुसऱ्या बाजूस रोज संध्याकाळी स्वयंपाकघरांत आणि दिवाणखान्यांत दिवे लागतात. मध्ये मैदानाचा अंधार असतो. बहुतेक छायाचित्रकार या मैदानात उभे राहून पूर्वेकडे तोंड करतात. पश्चिमेकडे तोंड करून घेतलेल्या चित्रांचा संग्रह आणि त्यांचा कालक्रमानुसार अभ्यास कोणी हाती घेतल्यास, या शहराच्या राहणीविषयी रोषणाईपेक्षा अधिक माहिती त्यातून हाती लागेल, असे वाटते.